मापाची बांगडी

कोलकात्याला निघायच्या आदल्या दिवशी मी ताईच्या डब्यातून एक बांगडी चोरली.

अठ्ठावन्नाव्या वर्षी चोरी करणं सोपं नसतं. गुडघे वाजतात. इस्लामपूरच्या घरी ताई मागच्या दारी तांदूळ वाळत घालत होती, भाची ऋतुजा फोनवर होणाऱ्या नवऱ्याशी बोलत होती, आणि मी ताईच्या कपाटासमोर उकिडवा बसून तिचा जुना पत्र्याचा डबा उचकटत होतो. आत सुया, बटणं, भाऊजींचा एक फोटो आणि तळाशी हिरव्या काचेची एकच बांगडी. ती रुमालात गुंडाळून मी सदऱ्याच्या खिशात घातली आणि काही झालंच नाही अशा थाटात चहा मागितला.

कारण सांगतो. ऋतुजाचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. लग्नाच्या दोन दिवस आधी घरी कासार येतो, नवरीला चुडा भरतो आणि मग घरातल्या सगळ्या बायकांना बांगड्या भरतो, ही आमच्याकडची रीत. ताईने आधीच जाहीर केलं होतं, "त्या वेळी मी आत स्वयंपाकघरात असेन. तुम्ही उरकून घ्या." सहा वर्षांपूर्वी भाऊजी गेले. दहाव्याला बायका तिला आतल्या खोलीत घेऊन गेल्या तेव्हा मी ओसरीवर हातात तांब्या घेऊन उभा होतो. आतून काचेचा आवाज आला. मी ‘थांबा’ म्हणू शकलो असतो. माझं ऐकलंही असतं कदाचित. मी तांब्या या हातातून त्या हातात घेतला, एवढंच केलं. त्याची लाज मला अजून वाटते.

तेव्हापासून ताईच्या हातात भाऊजींचं घड्याळ आहे, पट्टा पार शेवटच्या भोकात. सोन्याची एखादी बांगडी घाल म्हटलं, की म्हणते, "घड्याळ आहे की." म्हणून मी मनाशी ठरवलं होतं, की कोलकात्याहून तिला काहीतरी आणायचं. काचेचं नको, हिरवं नको, कुणी बोट ठेवावं असं काही नको. पण तिचा हात मोकळा नको. माप हवं म्हणून बांगडी चोरली.

खरं म्हणजे मी चाललो होतो पंपांच्या कामाला. सांगलीत माझं पंपदुरुस्तीचं वर्कशॉप आहे, आणि हावड्याच्या एका छोट्या फौंड्रीतून काही सुटे भाग ओतून घ्यायचे होते. ते आधी डोळ्यांनी पाहावेत आणि मापून घ्यावेत म्हणून पिशवीत व्हर्निअर टाकला आणि पुण्याहून विमान धरलं. विमानात मी चार वेळा उठलो. बायको म्हणते, तुमच्या पायाला भिंगरी आहे. शेजारच्या बंगाली गृहस्थांनी तर शेवटी मलाच खिडकीऐवजी कडेची जागा दिली.

डमडमला उतरलो तेव्हा सकाळ धुरकट होती. टॅक्सीने थेट हावडा गाठलं. दोन दिवसांचं काम मी एका दिवसात संपवलं. फौंड्रीचे मालक म्हणाले, "आप बैठिए, चाय पीजिए." मी चहा उभ्यानेच प्यायलो, मातीच्या इवल्याशा कुल्हडातून, आणि जीभ भाजून घेतली. संध्याकाळी परतताना लोकांनी पूल दाखवला, तरी मी फेरी बोट धरली, कारण पुलावर सगळं तुंबलं होतं. पण हुगळी काही मला घाबरून लवकर संपली नाही. बोट आपली संथ चालली होती. पैलतीरावर दिवे लागत होते, एक म्हातारा काठाला बसून धोतर पिळत होता, पाण्यावरून झेंडूची माळ वाहत गेली. पाहण्यासारखं होतं सगळं. मी मात्र दर दोन मिनिटांनी खिसा चाचपत होतो.

मुक्काम बेहालाला, माझा मावसभाऊ अनिरुद्ध याच्याकडे. तो बँकेत आहे, बदली होऊन वर्ष-दीड वर्षापूर्वी इथे आला. त्याच्या घरात शिरलं की कोलकाता दाराबाहेर राहतं. आत शेंगदाण्याची चटणी, कालनिर्णय, आणि त्याच्या बायकोचं, मृणालचं, ‘या भावजी, हातपाय धुवा आधी.’ जेवायला मात्र तिने इलिश केला होता, इथला नावाजलेला मासा, मोहरी वाटून. चव अशी की डोळे मिटावेत. आणि काटे असे, की डोळे मिटले तर मेलोच. केसासारखे बारीक, घासागणिक दहा. मी नेहमीच्या वेगाने दोन घास घेतले आणि तिसऱ्याला ठसका लागला. अनिरुद्धने पाठीत गुद्दे घातले, मृणालने कोरड्या भाताचा गोळा गिळायला दिला.

"भावजी, याला वेळ द्यावा लागतो," ती म्हणाली.

"तोच तर नसतो माझ्याकडे," मी म्हणालो आणि उरलेला मासा अनिरुद्धच्या ताटात सरकवला. गोडाला नोलेन गूर म्हणजे खजुराचा नवा गूळ घातलेले संदेश होते. त्याला काटे नसल्यामुळे मी पाच खाल्ले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं विमान. हाताशी अख्खी सकाळ आणि दुपार. मृणालने एका हस्तकला केंद्राचा पत्ता दिला. "तिथे कारागीर स्वतः बसतात, डोळ्यांदेखत करतात. मी आले असते, पण आज मुलांच्या शाळेत जायचंय." ती नव्हती म्हणून पुढचं घडलं. ती असती तर मला दारातच अडवलं असतं.

बेहालाहून नवी मेट्रो माझेरहाटला सोडते, तिथून पुढे बस. मेट्रो चकचकीत, बस तिच्या अगदी उलट. लाकडी तळ, खिडक्यांची खडखड, आणि बसच्या पत्र्यावर थापा मारत ओरडणारा कंडक्टर. त्याच्या थापांची एक भाषा आहे, ड्रायव्हरला ती कळते. एखादी बाई उतरायला लागली, की तो ओरडतो, "आस्ते, लेडिज!" (सावकाश, बाई उतरतेय!) आणि बस खरोखर थांबते. पुरुषांसाठी ती फक्त मंदावते. मी उभ्या उभ्या पाहत होतो. समोरच्या बाकावर तीन बायका बसल्या होत्या, तिघींच्याही हातात पांढऱ्याशुभ्र, नक्षीच्या बांगड्या. शेजारी एकेक लाल. आपल्याकडे अशा कधी पाहिल्या नव्हत्या. पांढरी बांगडी! डोक्यात लख्ख उजेड पडला. काच नाही, हिरवी नाही. पांढऱ्यावर कोण बोट ठेवणार? माझं काम बसमध्येच झालं असं वाटून मी खूश झालो, आणि त्या खुशीत, बस थांबायची वाट न पाहता, दारातून उडी टाकली. छाती दाराच्या दांड्यावर आपटली. कंडक्टर मागून काहीतरी बोलला. ते कौतुक नसावं.

केंद्र म्हणजे मोकळं आवार, मध्ये वडाचं झाड, चहूबाजूंनी बुटकी दालनं. थंडीचे दिवस, ऊन अंगावर घ्यावंसं वाटणारं. माझ्या हातात बायकोने दिलेली यादी होती : विहिणबाईंना शाल, जावयाच्या घरी शोभेचं काहीतरी, ऋतुजाच्या मैत्रिणींना बारीकसारीक. यादी मी लोखंडाच्या ऑर्डरसारखी उडवायला सुरुवात केली.

पहिल्या दालनात कांथा. जुन्या साड्यांचे थर एकावर एक ठेवून बारीक धावदोरा घालतात, त्या दोऱ्यातूनच मासे, हत्ती, वेली उमटतात. मी पाहिलं आणि म्हणालो, "अरे, ही तर आमची गोधडी!" मोबाईलवर घरच्या गोधडीचा फोटो शोधून दाखवला. शिवणारी बाई खुलली. तिने फोटो मोठा करून टाके पाहिले आणि मान डोलावली. मग मी एका दमात तीन शाली उचलल्या, बांधा म्हणालो, आणि दारात जाऊन उभा राहिलो. ती हसून शेजारणीला म्हणाली, "एतो ताडा किशेर?" (एवढी घाई कशाची?) तिच्याही हातात त्या पांढऱ्या बांगड्या होत्या.

पुढे मातीचे घोडे. बांकुड्याकडचे, लांब मानेचे, कान टवकारलेले, चेहऱ्यावर भलताच रुबाब. एक उचलून उलटा करून पाहिला, तर त्याचा कान माझ्या तळहातावर आला. मी गार. "मोडला, माझ्याकडून मोडला, मी घेतो हा," असं मी हिंदीत घाईघाईने सांगू लागलो. विक्रेता शांतपणे उठला, दुसराही कान उपसून दाखवला आणि दोन्ही पुन्हा खोबणीत बसवले. या घोड्यांचे कान वेगळेच करतात म्हणे, नाहीतर प्रवासात टिकत नाहीत. आजूबाजूचे सगळे हसले, मीही हसलो, आणि लाजेखातर दोन घोडे घेतले.

शंखाच्या बांगड्यांचं दालन अगदी कोपऱ्यात होतं. बाहेर मोठमोठे शंख पडले होते, काही अख्खे, काही आडवे कापलेले. आत चाळीशीचा एक माणूस लाकडी ठोकळ्यावर बांगडी धरून कानशीने नक्षी काढत होता. कानस मी आयुष्यभर चालवली आहे. त्याचा हात पाहून मी प्रथमच त्या सकाळी एका जागी उभा राहिलो. पांढरी भुकटी त्याच्या पापण्यांवरही बसली होती. तो शांखारी, म्हणजे शंखाचं काम पिढीजात करणारा. नाव तपन. त्याच्या मागे भिंतीला टेकून पांढरी साडी नेसलेली एक म्हातारी ओल्या फडक्याने तयार बांगड्या घासून तुकतुकीत करत होती. ती त्याची पिशी, म्हणजे आत्या.

मी एक जोडी निवडली. बारीक वेल, कडेला माशाच्या खवल्यांसारखी नक्षी. "यही चाहिए," म्हणालो आणि माप द्यायला खिशातून रुमाल काढला.

रुमाल उघडला तर बांगडीचे तीन तुकडे आणि चिमूटभर चुरा.

बसचा दांडा! आपल्याकडे बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. मी मात्र फोडली होती, दुसऱ्याची, न विचारता आणलेली. पिशवीत व्हर्निअर होता. जगातलं सगळं लोखंड मापत फिरणाऱ्या माणसाला ताईची बांगडी घरून निघतानाच मापून घ्यावी एवढं सुचलं नव्हतं. मला स्वतःचा भयंकर राग आला. घड्याळ पाहिलं. विमानाची वेळ डोक्यात टकटकत होती. आता माप कुठून आणायचं? नजर फिरली ती म्हातारीच्या हातांवर गेली. तसेच सडसडीत, तसंच मनगटाचं हाड वर आलेलं. ताईचेच हात.

"इनका हाथ बिलकुल मेरी दीदी जैसा है," मी तपनला म्हणालो. "इनको पहना के देखिए ना."

तपनची कानस थांबली. शेजारच्या दालनातला माणूसही वळून पाहू लागला. म्हातारीने मान वर केली नाही, पण तिच्या हातातलं फडकं थांबलं. काय चुकलं ते मला कळेना, पण काहीतरी फार चुकलं आहे हे कळलं.

"दादा," तपन खालच्या आवाजात म्हणाला, "ये शांखा है. शादीशुदा औरत पहनती है. पिशी विधवा है."

मी पिशीच्या हातांकडे पुन्हा पाहिलं. दोन्ही मोकळे. दिवसभर शांखा घासणारे, पांढऱ्या भुकटीने माखलेले, मोकळे. बसमधल्या तिघी आठवल्या, कांथावाली आठवली. ज्याला मी फॅशन समजलो तो तिथला चुडा होता. आपला हिरवा, त्यांचा पांढरा. पांढऱ्यावर कोण बोट ठेवणार, म्हणे!

मी हात जोडून माफी मागितली. तपन चांगला माणूस, "आपको मालूम नहीं था," म्हणाला आणि जोडी कागदात गुंडाळायला घेतली. तेवढ्यात पिशी पहिल्यांदा बोलली. माझ्याकडे पाहून, बंगालीत. "कार जोन्नो?" (कोणासाठी?)

तिथे खोटं बोलता आलं असतं. बायकोसाठी, म्हटलं असतं तर दोन मिनिटांत मोकळा झालो असतो. पण तिच्या हातांकडे पाहून ते जमलं नाही. मी मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं, की बहिणीसाठी. तिचा नवरा सहा वर्षांपूर्वी गेला. तिच्या मुलीचं लग्न आहे. सगळ्याजणी बांगड्या भरतील तेव्हा ती आत जाऊन बसणार आहे. आणि आमच्या गावात शांखा म्हणजे काय ते कुणालाच माहीत नाही.

तपनने गुंडाळलेला कागद सोडवला आणि जोडी परत फळीवर ठेवली. "तब तो मैं नहीं दे सकता, दादा. जानकर नहीं."

पिशी त्याला काहीतरी म्हणाली. तो तिला म्हणाला. आवाज चढले नाहीत, पण पाच-सहा वाक्यं झाली आणि शेवटचं तिचं होतं. मग तपन माझ्याकडे न पाहता म्हणाला, "पिशी बोलती है, ये जोडी उसने घिसी है. वो देगी."

म्हातारीने हात पुढे केला. मला आधी वाटलं जोडी मागतेय, पण तिला रुमाल हवा होता. तिने माझे तीन हिरवे तुकडे दगडी पाटावर ठेवले आणि एकमेकांना जुळवत गोल केला. जिथे चुरा झाला होता तिथे गव्हाएवढी फट ठेवली. मी मदत म्हणून व्हर्निअर काढला, तर तिने डास हाकलावा तसा तो हाकलला. त्या गोलावर तिने शांखा ठेवून पाहिली. जराशी लहान होती. आतून घासून वाढवावी लागणार. तपनने मला कळकाचा मोडा (बसायचं बैठं आसन) दिला. "एक-डेढ घंटा लगेगा. बैठिए."

दीड तास! मी उठलो. चहाच्या टपरीपर्यंत गेलो, परत आलो. वडाला एक फेरी मारली. परत आलो. घड्याळ पाहिलं. तिसऱ्यांदा उठू लागलो तेव्हा पिशीने नुसतं बोटाने मोड्याकडे दाखवलं आणि मी बसलो. माझ्या बायकोला हे गेली तीस वर्षं जमलेलं नाही. पिशी घाशी, बोट आत फिरवून पाही, पुन्हा घाशी. मला काहीतरी बोलायलाच हवं होतं, म्हणून मी तपनला दहाव्याची गोष्ट सांगितली, ओसरीची, तांब्याची. आजवर कुणाला सांगितली नव्हती. तो ती बंगालीत आत्याला सांगत गेला. ती ऐकतेय की नाही कळत नव्हतं. मग तिने एक वाक्य म्हटलं. तपन सांगावं की नाही अशा विचारात पडला, आणि म्हणाला, "बोलती है, मेरा भी एक भाई था. बाहर खड़ा था."

तो भाऊ म्हणजे तपनचा बाप. तपनने कानस पुन्हा उचलली.

जोडी झाली. पिशीने ती पाण्यात बुडवून पुसली, त्या हिरव्या गोलावर ठेवून पाहिली, बरोबर बसली. आणि मग, कुणी काही म्हटलं नसताना, तिने बोटं जुळवली आणि एक शांखा स्वतःच्या हातात चढवली. मनगटापर्यंत. हात उजेडात धरला, एकदा फिरवला. तपन फळीवरच्या शंखांची मांडामांड करू लागला, पाठ करून. अर्धं मिनिट झालं असेल. तिने ती उतरवली, पुन्हा पुसली आणि माझ्या हातावर ठेवली.

"माप ठीक आछे," ती म्हणाली. माप बरोबर आहे, हे मला तपनने सांगावं लागलं नाही.

निघताना मात्र तिने त्याला हाक मारून एक निरोप सांगायला लावला. "पिशी बोलती है, दीदी को बता के देना. ये क्या चीज है, बता के. छुपा के नहीं."

मी हो म्हणालो. बसमध्ये बसेपर्यंत त्या होचं ओझं वाटू लागलं होतं. ताईला मी चांगली ओळखतो. सांगितलं, की ती डबी मिटणार आणि स्वयंपाकघरात जाणार. न सांगितलं तर घालेल. बेहालाला पोचल्यावर मी मृणालला सगळं सांगितलं. तिने कपाळावर हात मारला. "अहो भावजी, शांखा! इथे लहान पोरालाही विचारलं असतंत तर सांगितलं असतं." मग माझ्या पिशवीत घोड्यांचे कान वेगळे गुंडाळून ठेवता ठेवता म्हणाली, "पण इस्लामपुरात कुणाला काय कळणार? नका सांगू. घालू दे त्यांना." अनिरुद्धचंही तेच मत पडलं. डमडमच्या वाटेवर मी न सांगण्याचं ठरवलं. विमान सुटल्यावर सांगण्याचं. पुण्याला उतरून एसटीत बसलो, साताऱ्यापर्यंत पुन्हा न सांगण्याचं. शेजारच्या माणसाने विचारलं, "काय हो, बरं वाटत नाही का?"

सांगलीला न जाता मी इस्लामपुरालाच उतरलो. ताई ओसरीवर रुखवताची तोरणं ओवत बसली होती. ऋतुजाने शाली पाहिल्या, घोडे पाहिले, एकाचा कान हातात आल्यावर किंचाळली. मला तेवढीच मजा आली. ती आत गेल्यावर मी ताईसमोर डबी ठेवली.

"मला काही आणू नको म्हटलं होतं ना, दिल्या?"

"उघड तर."

तिने उघडली. चष्मा सारखा केला. वेलीवरून बोट फिरवलं. "शंखाच्या? काय सुरेख काम आहे रे." आणि घड्याळ वर सरकवून तिने एक हातात घातलीसुद्धा. सहज गेली. ती हात लांब धरून पाहत राहिली, आणि तिचा चेहरा मी सहा वर्षांत पाहिला नव्हता तसा झाला. "पांढऱ्याच आहेत," ती म्हणाली, "याला कोण बोट ठेवणार?"

माझेच शब्द. तेव्हा गप्प बसलो असतो तर सगळं साधलं असतं. पण आतून काचेचा आवाज येत असताना गप्प बसण्याचा अनुभव मला होता. मी सांगितलं. शांखा काय ते, तिथे कोण घालतं ते, चोरलेली बांगडी, बसचा दांडा, पिशी, तिचा बाहेर उभा राहिलेला भाऊ. आणि आपल्या ओसरीवरचा मीसुद्धा. एका दमात, न थांबता.

ताईने बांगडी उतरवली.

"त्या बाईने हातात घालून पाहिली?" तिने विचारलं.

"हो."

"आणि काढली."

"हो."

ताई बराच वेळ तोरणातला एकच मणी सुईवर मागेपुढे करत राहिली. मग म्हणाली, "डब्यातली ती बांगडी मी वाचवली होती रे त्या दिवशी. पदरात लपवून. तू ती नेलीस हे मला त्याच दिवशी कळलं."

"मी फोडली, ताई."

"बरं झालं. एकुलती एक बांगडी ठेवून काय करत होते मी, कोण जाणे." तिने शांखांची जोडी पुन्हा डबीत नीट ठेवली. "या ऋतुजाला. लग्नानंतर घालू दे, त्यांचा मान तोच आहे. मला चोरून घालायच्या नाहीत. कुणाला कळत नाही म्हणून घालायच्या, त्यापेक्षा..." ती वाक्य पुरं न करता उठली आणि आत तांदूळ बघायला गेली.

कासार आला त्या दिवशी घर बायकांनी भरलं होतं. ऋतुजाचा चुडा झाला, माझ्या बायकोचा हात झाला, जावांचे, मैत्रिणींचे झाले. कासार पेटी आवरू लागला तेव्हा ताई पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली, चटईवर बसली, घड्याळ काढून शेजारी ठेवलं आणि दोन्ही हात पुढे केले. "हिरव्याच दे," म्हणाली.

शेजारच्या काकू उठून उभ्या राहिल्या. कासार गोंधळला. त्याने ताईकडे पाहिलं, मग बायकांकडे, आणि शेवटी दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे. "दादा?"

सहा वर्षांपूर्वी तिच्या बाजूने बोललो नव्हतो, ते आता बोलायला मी तोंड उघडलं.

"त्याला काय विचारतोस?" ताई म्हणाली. "हात माझा आहे. भर."

काकू चहा न घेता घरी गेल्या. बाकीच्या बसल्या. काच वाजू लागली, एकेक बांगडी, आठ या हातात, आठ त्या. मी उघडलेलं तोंड मिटलं आणि आत गेलो, कारण एवढ्या जणींचा चहा कुणीतरी टाकायलाच हवा होता. तो उतू जाईपर्यंत मी गॅससमोर उभा होतो.